गाळलेले दोन शब्द

गेल्या वर्षी मार्चमध्ये, एका मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास मला आयर्लंडहून ईमेल आला. मजकूर मोजका होता. "अर्थ : समुद्रा, मला घरी ने. भाषा निर्दोष आहे. ही ओळ आमच्या गावच्या दफनभूमीत एका दगडावर कोरलेली आहे. तुम्हाला ती कुठे मिळाली?"

ओळ मला मिळाली नव्हती. ती मी लिहिली होती. सात वर्षांपूर्वी, भाईंदर पूर्वेला नवघरमधल्या माझ्या घरी. ती एकाच माणसाला दिली होती.

मी आयरिश भाषेत भाषांतर करते. त्याआधी चौदा वर्षं एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. बातमीतले जास्तीचे शब्द काढणं हे तिथलं काम. नंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर नऊ वर्षं राहिलो. तिथे मी भाषा शिकले. परत आल्यावर एका टॅटू आर्टिस्टने मीरा रोडहून पहिलं गिऱ्हाईक पाठवलं, आणि काम सुरू झालं. लोकांना बाळासाठी नाव हवं असतं, बंगल्यासाठी हवं असतं, हातावर गोंदायला शब्द हवा असतो. एका जिम ट्रेनरला "न हरणारा" हवं होतं. दोन महिन्यांनी तो "शांत" घेऊन गेला. लग्न ठरलं होतं.

टॅटू पुसता येत नाही, म्हणून माझा एक नियम आहे. तयार ओळ आयर्लंडमधल्या एका माणसाकडे जाते. मूळ शब्द त्याला सांगत नाही. कोणासाठी, कशासाठी, तेही नाही. त्याने फक्त कळवायचं की यातून त्याला काय समजलं. याला आम्ही उलट तपासणी म्हणतो. ओळ जुनी असली तरी नव्या अंगावर जाताना पुन्हा तपासायची. पूर्वी हे काम तिथल्याच शहरातल्या एक बाई करत. त्यांची नजर अधू झाल्यावर ओवेन आले. ते निवृत्त पोस्टमास्तर. राहायला पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यात.

त्या मंगळवारच्या आधीच्या शुक्रवारी भाईंदरच्या किनाऱ्यावरच्या पाली गावाहून दोघी जणी माझ्याकडे आल्या होत्या. आई रोझीबाय, वय सत्तरच्या पुढे. मुलगी फिलू, मीरा रोडच्या एका शाळेत क्लार्क. फिलूने फोनवर एक फोटो दाखवला. पुरुषाचा डावा हात, आतल्या बाजूला माझी ओळ.

"मॅडम, हा माझा भाऊ, जॉनी. तुमच्याकडूनच नेलं होतं त्याने."

जॉनी मला आठवत होता. तो आयर्लंडला मासेमारीच्या ट्रॉलरवर कामाला निघाला होता. आयरिशच का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाला होता, "तिकडचा दर्या तिकडचीच भाषा समजनार ना, मॅडम?"

तिथे गेल्यावर आठव्या महिन्यात तो दिसेनासा झाला. बोटीच्या मालकाने एजंटला कळवलं की बंदरात उतरला आणि पळाला. कागदावर तेच लिहिलं गेलं. असे पळणारे असतात. घरच्यांना मात्र सहा वर्षं फोन नव्हता.

"आईला तेच हातावर पाहिजे," फिलू म्हणाली. "मी म्हणते, अगं, तो येईल तेव्हा काय म्हणेल?"

"येल तं हसल," रोझीबाय म्हणाली. "न्हाय येनार, तं मीच जाईन. मेल्यावर संगती काय येतं? सोना न्हाय, कापड न्हाय. गोंदनच येतं. तिकडं गर्दी असल. वळखायला काय तरी पायजे."

"बघा, मॅडम. घरी पण हेच चालू असतं. त्याच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना नको म्हणते मी, जिवंत माणसाची कसली मिस्सा? ही म्हणते, मेलेल्या माणसाला सहा वर्षं प्रार्थनेवाचून उपाशी ठेवलंयस तू."

प्रश्न इतकाच होता. जॉनी पळाला, की गेला?

गिऱ्हाइकाला ओळ वाचून दाखवायची, ही माझी पद्धत. मी पहिला अर्धा भाग वाचला, "अ आरिगे..." आणि पाणी प्यायला थांबले.

"तूर अवाल्ये मे," रोझीबाय म्हणाली.

उच्चार बरोबर होता. फिलूने आईकडे पाहिलं.

"तुला कोणी शिकवलं?"

"दारात बोलतो ना तो," ती म्हणाली. "पहाटे. आत न्हाय येत."

जॉनीने ओळ घरी कधी वाचून दाखवली नव्हती, असं फिलूने मला नंतर सांगितलं. रोझीबाय वाचायला शिकलेली नाही. ती ओळ तिने कुठे ऐकली, हे मला आजपर्यंत तपासता आलेलं नाही.

त्या दोघी गेल्यावर मी नेहमीप्रमाणे ओळ ओवेनना पाठवली. मंगळवारी त्यांचा ईमेल आला.

वर्तमानपत्रातली सवय अशी की एका माणसाच्या सांगण्यावर बातमी उभी करायची नाही. मी फोटो मागितला. तासाभरात आला. करडा दगड, कडेला शेवाळ, वर माझी ओळ. खाली इंग्रजीत, "समुद्राने आणलेला एक माणूस." नाव नाही. मी ओळ आणि दगड अक्षर-अक्षर ताडून पाहिले. फरक नव्हता. बोलीभाषेतलं एक वळण मी मुद्दाम त्या किनाऱ्याचं घेतलं होतं. तेही दगडावर होतं.

मग मी ओवेनना फोन केला.

"तो कधी सापडला?"

त्यांनी महिना आणि वर्ष सांगितलं. जॉनी दिसेनासा झाला त्यानंतर चौदा आठवड्यांनी.

"ओळ कुठे होती?"

"डाव्या हाताला, आतून. चेहरा राहिला नव्हता. बोटांचे ठसेही नाहीत. कातडीचा तेवढाच भाग वाचता येत होता."

"परदेशी खलाशांमध्ये चौकशी झाली?"

"नाही. त्याची गरज वाटली नाही. ती आमची भाषा होती. आमच्याच किनाऱ्याची. शहरातला माणूससुद्धा असं लिहीत नाही. पोलिसांनी गावोगाव विचारलं. बेटांवर विचारलं. रविवारी प्रत्येक चर्चमध्ये ओळ मोठ्याने वाचली, कोणाच्या घरचा असेल तर कळावं म्हणून. दोन हिवाळे वाचत होतो. कोणी आलं नाही. आम्हाला वाटलं, आपल्यातल्याच कोणीतरी त्याला टाकलं."

भाषांतर परक्याने केल्यासारखं वाटत नाही, ही माझ्या धंद्यातली सर्वांत मोठी शाबासकी. ती मला अशी मिळाली.

संध्याकाळी मी जॉनीची जुनी फाइल उघडली. त्याने फोनवरून लिहून पाठवलेली मूळ ओळ वेगळी होती : "दर्या, पालीच्या जॉनीला घरी ने."

खाली माझा शेरा. "'पालीच्या जॉनीला' काढा, 'मला' करा. लांबी. हातावर बसणार नाही."

त्याचं उत्तर : "पाली ठेवला तर न्हाय चालनार?"

माझं उत्तर : "पाली तिथे कोणाला कळणार?"

त्याचं उत्तर : "बरं मॅडम. तुमी सांगता तसं."

गुरुवारी मी पालीला गेले. गल्लीत रिक्षा शिरत नाही, शेवटचं चालत गेले. फिलूने दार उघडलं. मी आधी सांगितलं की हे सिद्ध झालेलं नाही, मग ओवेनकडून कळलेलं सगळं सांगून फोटो दिला. फिलूने तो पाहून आईकडे दिला.

रोझीबायने फोटो डोळ्यांजवळ नेला. "कंचा हात?"

"डावा."

"दगड कोनी लावला?"

"गावाने. वर्गणी काढून."

"आनि चर्चमंदी काय वाचत होते, बोलल्या तुमी?"

"त्याचीच ओळ. दोन हिवाळे. दर रविवारी."

"मंग उपाशी न्हाय ऱ्हायला," ती मुलीला म्हणाली. "पायलीस? पलाला न्हाय तो."

फाइलमधला माझा शेरा मी त्यांना वाचून दाखवला. न दाखवता परतता आलं असतं. रोझीबायने विचारलं, "म्हंजे पाली तुमी काढला?"

"हो."

"म्हनून घर गावला न्हाय त्याला," ती म्हणाली. "दारापर्यंत येतो, आनि विचारतो."

चहा आला होता, तो प्यायले.

पुढचं काम कागदांचं होतं. पोलीस ठाण्यात अर्ज, दूतावासाला पत्रं, रोझीबायच्या गालाच्या आतून घेतलेला नमुना. आठ महिने लागले. डीएनए जुळला. बोटीच्या मालकाच्या नोंदीतला "पळाला" हा शब्द खोडून "बुडून मृत्यू" असं लिहिलं गेलं. तो पाण्यात कसा पडला, हे नोंदीत नाही. पालीच्या चर्चमध्ये मिस्सा झाली. अवशेष परत आणण्याचा अर्ज अजून मंजूर झालेला नाही. ओवेननी दगडावर खाली नाव आणि गाव कोरून घेतलं. मी खर्च विचारला तर गावाने सांगितलं, आपलाच होता.

तेव्हापासून मी कोणाचं नाव किंवा गाव गाळत नाही. लांबीची तक्रार आर्टिस्टने करावी.

पहाटे दारात अजून कोणी बोलतं का, असं मी फिलूला एकदा विचारलं. आईने सांगायचं बंद केलंय, असं ती म्हणाली. बंद झालंय की फक्त सांगणं बंद झालंय, हे तिलाही माहीत नाही.

या जानेवारीत रोझीबायने हातावर गोंदून घेतलं. तिला पूर्ण ओळ हवी होती, पालीसकट. मीरा रोडच्या आर्टिस्टने आधी स्टेन्सिल काढलं. स्टेन्सिल म्हणजे कागदावरची नक्कल, सुई लावण्याआधी ती कातडीवर उमटवून माप बघतात. त्याने ती तिच्या डाव्या हातावर, कोपर आणि मनगटाच्या मध्ये ठेवली. तिचा हात जॉनीच्या हातापेक्षा बराच लहान आहे. पूर्ण ओळ पाच इंच भरली. बसली.