चौकोनी सुस्वागतम्

मण्यांच्या तोरणात गोल अक्षर काढून बघा, म्हणजे माझा वैताग कळेल. आलेखाच्या कागदावरचा एक चौकोन म्हणजे एक मणी. त्यात ‘व’चं पोट कितीही मायेनं वळवा, उंदरानं कुरतडल्यासारखंच दिसतं. पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत मुलुंडला आमच्या चाळीत दारोदारी असं कुरतडलेलं ‘सुस्वागतम्’ लटकत होतं. मी मॅट्रिक होऊन घरी बसलेली, नाकावर राग. मी गोलाई काढूनच टाकली.

‘व’ चौकोनी केला, ‘ग’ काटकोनात मोडला, उकाराला एकच कोपरा दिला. रेघ तीन मणी जाड, मधली फट एका मण्याची, पांढऱ्यावर काळं. आमचं तोरण खालच्या अंगणातून वाचता यायचं. आई म्हणाली, “अगं, हे ‘या’ म्हणतंय की ‘चालते व्हा’?” पण शेजारणी कागद मागायला लागल्या, आणि चिडचिड करत का होईना, मी सगळी मुळाक्षरं तशीच बसवली.

तेवढ्यात माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, बघायला घाटकोपरची मंडळी येणार असं ठरलं. आधी दोन नकार आले होते, आणि या मुलाचा फोटो ताईला मनापासून आवडला होता. पत्रिकाही जुळली होती.

मुलगी दाखवताना घरातलं सगळं भरतकाम, मणीकाम तिचंच म्हणून सांगायचं, हा तेव्हाचा रिवाज. ताईला सुईत दोरा ओवायचाही कंटाळा. तरी मंडळी आल्यावर आईनं सवयीनं सांगून टाकलं, “हे सगळं हिनंच केलंय हो.” मलाही त्यात काही वाटलं नाही.

मुलाची आई चष्मा सावरत तोरणाकडे बघतच राहिली. “कसली ठसठशीत अक्षरं! अशी कुठे बघितली नाहीत. कशी सुचली गं तुला?”

ताईनं हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. “मला नाही सुचली. ती माझ्या धाकट्या बहिणीची आहेत. डोळे फोडून घेतलेत तिनं त्यांच्यापायी.”

आईचा चेहरा उतरला. मंडळी चहा पिऊन हसतमुखानं गेली. पुढच्या आठवड्यात निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

मी ताईवर भडकलेच. “काय गरज होती गं? नुसतं हसली असतीस तरी चाललं असतं ना!”

रडून तिचे डोळे लाल झाले होते. “त्या इतक्या कौतुकानं बघत होत्या. तुझं आहे म्हणून सांगायला नको?”

मी तिच्याजवळ बसून राहिले.

पुढे मी जाहिरातींच्या कामात शिरले. माझी अक्षरं दुकानांच्या पाट्यांवर लागली, साबणाच्या खोक्यांवर छापली गेली. अक्षरांखाली नाव घालायची पद्धत नाही, मीही कधी हट्ट धरला नाही. ती कुणाची, हे चारचौघांत सांगणारी ताई एकटीच, आणि तेही स्वतःचं जमत आलेलं लग्न मोडून.