वालूरला नसलेली मंडळी

नाताळ उरकून आठवडाही झाला नव्हता, तोच मला सांगलीहून निघावं लागलं. मी पाळक. आमच्याकडे एका गावच्या ख्रिस्ती समाजाला मंडळी म्हणतात आणि अशा सगळ्या मंडळ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेला प्रांतमंडळ. परभणी जिल्ह्यातली एक मंडळी ओस पडत चालल्याचे अहवाल ओळीने तीन वर्षं आले होते. मी जाऊन शेवटची पाहणी करायची आणि तिचं नाव यादीतून कमी करावं का, ते लिहून आणायचं, एवढंच काम होतं.

मनमाडला लहान रुळांच्या गाडीत बसलो आणि सेलूला उतरलो, कारण यादीत गाव होतं वालूर. दोन तास वाट पाहूनही एस.टी. आली नाही. शेवटी कडब्याच्या बैलगाडीवर बसून गेलो. वालूर चांगलं नांदतं, बाजाराचं गाव. तिथे दुपारपर्यंत मी आमचं प्रार्थनामंदिर विचारत फिरलो. लोक मला देवळं दाखवत होते, मशीद दाखवत होते. अखेर एका कापडदुकानदाराने मला गादीवर बसवून चहा पाजला.

"ते पाद्रीबाबा हितून गेल्याला लय वर्सं झाली," तो म्हणाला. "त्यांची माणसं आता चुडाव्याकडं हायेत. तुमच्या हापिसात कुणी लिवून ठिवलं न्हाई का?"

नव्हतं. ज्या मंडळीला यादीतून काढायला मी निघालो होतो, तिचा नवा पत्तासुद्धा यादीत कुणी चढवला नव्हता. चहा कसाबसा संपवून उठलो.

दुसऱ्या दिवशीची पॅसेंजर पिंगळीला समोरच्या गाडीसाठी थांबली ती थांबलीच. लोक खाली उतरून ढाळे (हिरव्या हरभऱ्याची रोपं) सोलत बसले. माझ्याखेरीज कुणालाच घाई नव्हती. चुडाव्याला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तिथून दोन कोस काळ्या रानातून पायी. दोन्ही अंगांना ज्वारी माथ्याच्या वर उभी होती. पायात चप्पल नवी होती, तिने दोन्ही टाचा सोलल्या.

मंदिर मात्र पाहून बरं वाटलं. पत्र्याचं छप्पर, नुकताच चुना दिलेल्या भिंती, झाडून लख्ख केलेलं अंगण. शाळेतून निवृत्त झालेले शमुवेल मास्तर तिथले वडील, म्हणजे पाळक नसताना मंडळी सांभाळणारे. गुडघे धरल्यामुळे ते काठी टेकत आले. त्यांची बायको मार्थाबाई हिने माझ्या टाचांना हळद लावली आणि ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा असं पुढ्यात वाढलं. मी कशासाठी आलोय, हे दोघांनीही विचारलं नाही.

सकाळी रविवार होता. मास्तरांनी घंटा वाजवली. उपासनेला मास्तर, मार्थाबाई आणि एक अंध म्हातारे, एवढेच. उपासना संपल्यावर मी पाहणीपत्रक काढून उपस्थितीच्या रकान्यात तीनचा आकडा लिहिला. मास्तर माझ्या लेखणीकडे बघत होते. ते आत गेले आणि एक कापडी पिशवी घेऊन आले. तिच्यात प्रांतमंडळाची उत्तरं होती. सगळ्यांत एकच मजकूर: पत्र पोचले, विचारार्थ ठेवले आहे.

"दसऱ्याला मुकादम येतो अन् माणसं ऊसतोडीला जातात," मास्तर म्हणाले. "पाडव्याच्या पुढं परत येतात. दर साली लिवतो, दसऱ्याच्या आधी या, न्हाईतर उन्हाळ्यात या. तुमी नाताळ झाला की कारकून धाडता, तो बाकं मोजतो अन् जातो. प्रभुभोजन मला देता येत न्हाई, बाप्तिस्मा करता येत न्हाई. त्याला पाळक लागतो. आमाला दुसरं काय बी नको होतं."

मी विचारलं, माणसं कुठे गेलीत.

"तुमच्याच सांगलीकडं."

त्यांनी सांगितलेलं शिवार माझ्या घरापासून सायकलने अर्ध्या तासावर होतं. मी ज्यांना शोधत तीन गाड्या आणि एक बैलगाडी बदलून आलो, ते दसऱ्यापासून माझ्या शेजारी राहत होते. मला प्रांतमंडळाचा संताप आला, मग स्वतःचा. गेल्या वर्षीच्या अहवालावर सही करणाऱ्यांत मीही होतो, आणि तो न वाचताच सही केली होती. हे मी मास्तरांना सांगितलं. त्यांनी पत्रं पिशवीत परत भरली. मार्थाबाईने तेवढा निरोप दिला, की थोरल्या लेकीचं लेकरू तीन वर्षांचं झालं तरी बाप्तिस्म्याचं राहिलंय.

परतीचा प्रवास कसा झाला, ते मला फारसं आठवत नाही. पुढच्या रविवारी दुपारी मी सायकल काढली. ओढ्याकाठी पाचटाच्या कोप्या (झोपड्या) होत्या. मास्तरांच्या थोरल्या लेकीने, रूथने, मला ओळखलं नाही. कोयता बाजूला ठेवून तिने विचारलं, "कोन पायजे?" मी पाळक असल्याचं सांगितल्यावर तिने पदर डोक्यावर घेतला.

"आमी हितं दर आयतवारी गाणी म्हंतो," ती म्हणाली. "पर तुमच्या देवळात यायला लाज वाटायची. कापडं अशी."

तासाभरात कोप्यांतून माणसं जमली. मोजायचं मी टाळलं. शेजारच्या कोपीतल्या बौद्ध बाईने आपली घासलेली परात आणून दिली. तिच्यात पाणी घेऊन मी रूथच्या मुलीचा बाप्तिस्मा केला. पाणी गार लागल्यामुळे मुलगी चिडून रडली. मग भाकर मोडून, पेला फिरवून मी चार वर्षांत प्रथमच त्या मंडळीला प्रभुभोजन दिलं.

प्रांतमंडळाच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. वालूर खोडून नवा पत्ता घालायला अर्धा दिवस गेला. नाव यादीत राहिलं. पाहणी उन्हाळ्यात न्यावी का, यावर मात्र एकमत होईना, म्हणून उपसमिती नेमायचं ठरलं. वरच्या मंडळाने गावच्या मंडळीला मदत कशी करावी, यावर तिथे एकाने लांबलचक भाषण केलं. मी ते पुरतं न ऐकताच सायकल काढली. आयतवार होता, आणि कोप्यांवर माणसं तीन वाजता जमायची.