धनीबाईची सुई

पुसदजवळच्या तांड्यातल्या पोरींचे कान चाळीस वर्षं धनीबाईनेच टोचले. सुई दिव्यावर तापवायची, पाळीतून आरपार काढायची, दोरा ओवायचा आणि तेलात कालवलेली हळद लावायची. एकही कान चिघळला नाही, याचा तिला ताठा होता.

उन्हाळ्यात नात अंजू म्हणाली, "आजी, वरच्या कडेलेही टोचून दे. कॉलेजातल्या साऱ्या पोरींचं हाय."

धनीबाईने टोचलं. चौथ्या दिवशी कान सुजून लाल झाला. ती आठवडाभर हळदच लावत राहिली. शेवटी पुसदच्या डॉक्टरांनी पू काढला, सोबत सडलेली कूर्चाही, म्हणजे कानाचं लवचिक हाडही, काढलं.

"कानाच्या पाळीत रक्त खेळतं, म्हणून ती भरून येते," ते म्हणाले. "वरच्या कूर्चेला पातळ आवरण पोसतं. पू साचून ते सुटलं, की कूर्चा उपाशी मरते."

कान वाळल्या पानासारखा आक्रसला. अंजूला ऐकू येतं. पण कानाच्या, आवाज गोळा करणाऱ्या घड्याच गेल्याने मोटारसायकल पुढून येते की मागून, हे तिला चटकन कळत नाही.

परवा शेजारची शीला तान्ही मुलगी घेऊन आली. धनीबाईने दिवा लावला. अंजू समोर येऊन बसली आणि तिने कानावरचे केस मागे सारले.

शीलाने तो कान पाहिला आणि मुलीला छातीशी घट्ट धरलं.

"पाळीले काही होत नाही वं," धनीबाई म्हणाली.

ते खरंच होतं. शीला तोवर दाराबाहेर गेली होती.