हरलेल्या सिनेमाचा खेळ
उकळत्या काकवीचा वास आला की मला आमचा हरलेला सिनेमा आठवतो. राज्यातलं मोठं बक्षीस एका भपकेबाज, पोकळ सिनेमाला गेलं आणि खचलेला दिग्दर्शक, जिथं चित्रीकरण झालं त्या गावातला खेळच रद्द करायला निघाला. पण सिनेमात आईचं काम केलेली तिथलीच शेतकरीण म्हणाली, “बक्षीस ऱ्हाऊ दे की. आमचा पिक्चर आमाला दावा.” मग गुऱ्हाळापुढं पडदा बांधला. पडद्यावर ती आई मेली, तेव्हा शेजारी बसलेल्या तिच्या सासूनं तिचा हात घट्ट धरला. “हाय की मी, आत्ती,” ती हळूच म्हणाली, तरी सासूनं शेवटपर्यंत हात सोडला नाही. संकलन माझं होतं. आजवर याहून मोठी पावती मला मिळालेली नाही.