सावलीतल्या गावातली चतुर्थी

श्रूजबरीच्या माझ्या घरून निघताना आई म्हणाली, "सुहास, आज संकष्टी आहे रे."

मी गाडीत बॅगा ठेवत होतो. "असू दे. गोळी घेतलीस का?"

"उपासाच्या दिवशी मी अर्धीच घेते."

"डायबिटीसला उपास कळत नाही, आई." मी पाण्याचा ग्लास तिच्या हातात दिला आणि तिने अख्खी गोळी गिळेपर्यंत समोर उभा राहिलो. मग समाधानाने गाडी सुरू केली.

२००६चा ऑक्टोबर होता. आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. न्यू हॅम्पशायरच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेच्या अलीकडे एक डोंगराळ गाव आहे, तिथली पानगळ बघायला आम्ही निघालो. वाटेत मेपलची झाडं लालभडक झालेली, बर्च पिवळेधमक. टेकड्यांचे डोंगर झाले, रस्ता अरुंद झाला, मोबाइलची रेंज गेली. दुकानांच्या पाट्या इंग्रजीबरोबर फ्रेंचमध्येही दिसू लागल्या. आईने दिवसभरात एक केळं आणि बिनसाखरेचा चहा, एवढंच घेतलं. मी थांबून बर्गर खाल्ला. तो माझ्या घशाखाली उतरला, हे आज लिहितानाही लाज वाटते.

गाव एका चिंचोळ्या दरीत आहे. मधून नदी वाहते. पूर्वेचा डोंगर थेट घरांच्या परसात भिंतीसारखा उभा राहतो. पश्चिमेचा उतार मात्र सौम्य, त्यावर जुनी शेतं आणि एक पांढरं चर्च. आमची खोली नदीकाठच्या लाकडी घरात होती. घरमालकीण जिनेट, सत्तरीची, दारातच आईला म्हणाली, "या, मेमेर (आजी), या."

अर्थ सांगितल्यावर आई म्हणाली, "तिला विचार, आमच्यात मोठी कोण दिसते." मी विचारलं. जिनेट हसून म्हणाली, "मग मीच मेमेर. खुर्ची मात्र तिलाच दे."

आई चुलीजवळ बसली आणि जिनेट गावाबद्दल सांगू लागली. तिचे आजोबा क्युबेकहून लाकूडतोडीला आले. तोडलेले ओंडके वसंतात नदीत सोडत. मग खाली कागदाची गिरणी आली आणि तिने कामगारांसाठी नदीकाठी घरं बांधली. "शेतकरी शहाणे. ते समोरच्या उतारावर राहिले, तिथे सकाळीच ऊन येतं. आमच्याकडे ते दुपारी पोचतं. म्हणून वरचे लोक खालच्या वस्तीला 'लोंब्र' (सावली) म्हणतात. टोमणाच आहे तो."

"आणि गिरणी?" मी विचारलं.

"यंदाच्या वसंतात बंद झाली. पूर्वी गावभर कुजक्या अंड्यांसारखा वास असायचा. आम्ही त्याला पगाराचा वास म्हणायचो. आता हवा स्वच्छ आहे, आणि तुमच्यासारखे लोक ती घ्यायला येतात." आता गावाचं पोट पानगळीचे पाहुणे, हिवाळ्यात बर्फावरच्या मोटारी आणि मार्चमध्ये मेपलचा पाक यांवर चालतं. तिचे दोन्ही मुलगे बोस्टनच्या बाजूला गेलेत.

मी हे मराठीत सांगितल्यावर आई एवढंच म्हणाली, "फोन करतात का, विचार." मी ते विचारलं नाही.

संध्याकाळी जिनेटने तव्यावर गालेत (जाळीदार पातळ धिरडी) घातली. पीठ कुट्टूचं, त्यात फक्त पाणी आणि मीठ. आईने बराच विचार केला. "कुट्टू उत्तरेकडचे लोक उपासालासुद्धा खातात. चालेल. पण चंद्र बघून." तिने ताटावर दुसरं ताट झाकून ठेवलं.

चंद्रोदयाची वेळ मी घरूनच इंटरनेटवर बघून आलो होतो. ती वेळ झाली. आम्ही अंगणात गेलो. आभाळ निरभ्र होतं, चांदण्या लखलखत होत्या. पूर्वेला फक्त काळा डोंगर होता.

"उगवला असणार, आई. डोंगरामागे आहे. जेव आता."

"ढग असते तर वेळेवर जेवले असते. आभाळ स्वच्छ असताना न बघता कशी जेवू?"

"अगं, पण..."

"इतकी वर्षं करतेय मी, सुहास."

आम्ही आत आलो. थोड्या वेळाने तिचा पदर सारखा घसरू लागला आणि तिला तो सावरता येईना. कपाळावर घाम. हात थरथरत होते. मी साखर तपासायचं यंत्र काढलं. आकडा फारच खाली होता. पूर्ण गोळी, रिकामं पोट. सकाळचा ग्लास डोळ्यांसमोर आला.

"आई, साखर खा. आत्ता."

"चंद्र," ती म्हणाली, आणि ओठ मिटून घेतले.

जिनेटने विचारलं, काय झालं. मी तुटकतुटक सांगितलं. दवाखाना दरीच्या पार टोकाला. जिनेट म्हणाली, "चंद्र इथे उशिरा येतो. वर चर्चपाशी तो आत्ता असेल. मी गाडी काढते, तू तिला धर." निघताना तिने ओट्यावरची पाकाची बाटली माझ्या हातात कोंबली.

उताराचा रस्ता वळणावळणाचा, खडीचा. मागच्या सीटवर आईचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी हाक मारली की ती "हं" म्हणायची. मग एका वळणावर म्हणाली, "दादा आले का?" दादा म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन बरीच वर्षं झालीत.

अजून किती, मी जिनेटला ओरडून विचारलं. दोन वळणं, ती म्हणाली.

मी तेवढं थांबलो नाही. बाटली उघडली, पाक बोटावर घेतला आणि आईच्या गालाच्या आतून, हिरड्यांवर चोळला. तिने मान फिरवली. मी दुसऱ्या हाताने तिची हनुवटी धरली आणि पुन्हा चोळला. पुन्हा. लहान मुलाला औषध पाजतात तसा. तिने गिळलं.

चर्चजवळ गाडी थांबली तेव्हा चंद्र डोंगराच्या कडेच्या पूर्ण वर आलेला होता. खाली लोंब्र अजून काळोखात होतं. हळूहळू आईचे डोळे स्थिरावले. तिने चंद्राकडे बघितलं, हात जोडले, मग जिभेने ओठ चाटले आणि माझ्याकडे बघितलं.

"आधी दिलंस?"

खोटं बोलणं सोपं होतं. "हो. आधी."

खाली येऊन ती गालेत जेवली. जिनेट तिच्या शेजारी बसून राहिली, दोघींनी एकमेकींची भाषा न कळता बराच वेळ गप्पा मारल्या. मला कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर आई खिडकीबाहेर बघत होती. डोंगर मागे पडल्यावर म्हणाली, "दिलंस ते चूक नाही. न विचारता दिलंस."

"विचारलं असतं तर?"

"नाही म्हटलं असतं."

"मग?"

"मग काय. तरी विचारायचं."

मी गाडी चालवत राहिलो. या देशात तिला ड्राइव्ह करता येत नाही, भाषा येत नाही. कुठे जायचं, काय बघायचं, केव्हा निघायचं, सगळं माझ्या हातात. तिच्या हातात महिन्यातली ही एक चतुर्थी होती. तिचा जीव वाचवला म्हणून मला पश्चात्ताप नाही. पण सकाळी ती अर्धी गोळी म्हणत होती, तेव्हा ती तिच्या शरीराबद्दल माझ्यापेक्षा जास्त जाणत होती, आणि मी ग्लास पुढे केला होता.

दुपार झाली. मी विचारलं, "आई, जेवायला कुठे थांबायचं?"

ती बराच वेळ पाट्या बघत राहिली. एक एक्झिट गेला, दुसरा गेला. मग म्हणाली, "इथे वळ."

तिथे नुसता पेट्रोल पंप होता, शेजारी झाडाखाली एक बाक. मी वळलो.