आप्पांचं अपेंडिक्स

आमच्या घरात कोणाला काय सांगायचं आणि कोणापासून काय लपवायचं, हे खातं पहिल्यापासून माझ्याकडे आहे. भावाच्या सोयरिकीला आलेला नकार मी तीन आठवडे दाबून ठेवला होता, आणि त्याचा मला अजून अभिमान वाटतो. त्यामुळे आप्पांच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली तेव्हा मी कोणालाच न विचारता त्यांना अपेंडिक्स झाल्याचं जाहीर करून टाकलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. साताऱ्याकडून आले, वाशीच्या मार्केटात जन्मभर पाठीवर गोण्या वाहिल्या, आणि शेवटी टोळीचे मुकादम होऊन घरी बसले. आता घणसोली गावातल्या आमच्या दोन खोल्यांच्या दारात खुर्ची टाकून ते गल्लीतली पार्किंगची भांडणं सोडवतात. ती इतकी सुटतात की लोक नवीन काढून आणतात.

डॉक्टरांनी मला वॉर्डबाहेर बोलावून सगळं सांगितलं. गाठ काढायची, ती कसली आहे ते तपासायला पाठवायची, आणि आतडं लगेच जोडता आलं नाही तर पोटावर पिशवी लावायची. शौच तिच्यात जमा होणार. काही महिने, कदाचित कायमची. डॉक्टर माणूस सज्जन, पण कायम घाईत. त्यांनी विचारलं, "पेशंटला काय सांगितलंय?"

"अपेंडिक्स."

"बरं. टेन्शन देऊ नका त्यांना," असं म्हणून त्यांनी फॉर्म पुढे केला आणि मी नातेवाईक म्हणून सही ठोकली. आप्पा तेव्हा दाराच्या आत, दहा पावलांवर, पाय हलवत केळं खात होते.

हॉस्पिटलात शिरताना आप्पांची चप्पल बाहेर राहिली आणि नावही. मनगटावर पट्टी आली, तिच्यावर ठळक १४. खाटेचा नंबर. सिस्टर मला विचारायची, "चौदा नंबरने जेवण केलं का?" आप्पा समोरच बसलेले असायचे. मी त्यांना विचारायची, ते मला सांगायचे, मी सिस्टरला सांगायची. मधे मी नसते तर दोघं उपाशीच राहिली असती, अशा थाटात मी वावरत होते. आणि तो हिरवा झगा! पुढून गळ्यापर्यंत बंद, मागून सताड उघडा. आप्पा म्हणाले, "ज्यानं ह्यो शिवला त्याला मानूस एकाच बाजूनं दिसला असंल."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी चार वाजता त्यांची जुनी टोळी भेटायला आली. चौघंजण, साठीच्या आसपासचे, पण खांदे असे की दारातून एकेकानेच यावं लागलं. तेवढ्यात सिस्टर सांगून गेली की चौदा नंबरला तपासणीसाठी खाली न्यायचंय. लिफ्ट बंद होती, आणि चाकाची खुर्ची आणायला गेलेला वॉर्डबॉय खुर्चीसकट बेपत्ता. अर्धा तास वाट बघून मी काउंटरवर भांडायला गेले. भांडण मला छान जमतं, त्यामुळे वेळ लागला.

परत आले तर खाट रिकामी. जिन्यातून मात्र ओळखीचा आवाज येत होता. "हां... दमानं... पुढचं दोघं हात वर करा... वळन आलं."

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. वॉर्डातली पाहुण्यांची प्लास्टिकची खुर्ची चौघांनी खांद्यावर घेतली होती, एकेका पायाला एकेक माणूस. वर आप्पा. झग्याची मागची बाजू कोणाच्या तरी पंच्याने कमरेभोवती घट्ट बांधलेली. हातात टोळीने आणलेलं शहाळं, तोंडात स्ट्रॉ. खुर्ची केसभरही कलत नव्हती. जिन्यातली माणसं भिंतीला चिकटून वाट देत होती, आणि एका बाईने तर चक्क हात जोडले. मला ओरडायचं होतं, पण हसू असं फुटलं की मी पायरीवर बसले.

तोवर ते तळमजल्यावर पोचले. आता कुठलं दार, हे कोणीच विचारलं नव्हतं. पण मार्केटात हे विचारावं लागत नाही. गोणीवर ज्या गाळ्याचा नंबर असेल, त्या गाळ्यावर गोणी जाते. टोळीतल्या थोरल्याने आप्पांचं मनगट वाचलं, चौदा नंबरचं दार शोधलं, आणि आप्पांनी "वाकतो" म्हणून मान खाली घातल्यावर सगळी वरात आत गेली. मी धावत मागून पोचले. ती आमच्याच डॉक्टरांची केबिन होती.

डॉक्टर एकटेच चहा पीत होते. त्यांनी मान वर केली. इतक्या दिवसांत ते आप्पांकडे इतका वेळ पहिल्यांदाच बघत होते, तेही खालून.

"हे काय चाललंय? खाली ठेवा त्यांना."

"मुकादम म्हनतील तवा," थोरला शांतपणे म्हणाला. टोळीचा कायदाच आहे तो. माल मुकादमाच्या शब्दावर उचलायचा आणि त्याच्याच शब्दावर उतरवायचा.

मुकादमाला काही घाई नव्हती. त्यांनी शहाळ्याचा शेवटचा घोट ओढला आणि विचारलं, "डॉक्टर, आलोच हाय तर सांगा. काल एका नर्सबाईनं माझ्या पोटावर डाव्या अंगाला पेनानं गोल काढला. अपेंडिक्स तर उजवीकडं असतंय. आमच्या टोळीत दोघांचं निघालंय. दाव रं."

खुर्चीच्या मागच्या उजव्या पायाशी असलेल्या माणसाने मोकळ्या हाताने सदरा वर करून व्रण दाखवला. पुढच्यानेही दाखवला. दोन्ही उजवीकडे. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग टोळीने पाहिलं, मग आप्पांनी. मी फरश्या मोजू लागले.

डॉक्टरांनी चहा बाजूला ठेवला आणि ते उभे राहिले. "चूक माझी आहे," ते म्हणाले. "तुमचं शरीर आहे, पहिल्यांदा तुम्हाला सांगायला हवं होतं. हक्क आहे तुमचा." मग त्यांनी सांगितलं. गाठ, ती कॅन्सरची असण्याची शक्यता, पिशवी, सगळं. मी जे शब्द आठ दिवस घशात धरून ठेवले होते, ते त्यांनी मिनिटभरात मराठीत सांगून टाकले, आणि केबिनचं छत काही कोसळलं नाही.

आप्पांनी रिकामं शहाळं थोरल्याच्या मोकळ्या हातात दिलं. मग म्हणाले, "उतरवा."

जमिनीवर आल्यावर त्यांनी प्रश्नांचा सपाटा लावला. पिशवी शर्टाखाली झाकते का? वास येतो का? मटण चालतं का, आणि रस्सा? गावच्या जत्रेत पालखीला खांदा देता येईल का? डॉक्टर प्रत्येकाचं उत्तर देत होते, आणि न येणाऱ्याला "बघावं लागेल" म्हणत होते. शेवटी त्यांनी कपाटातून नमुन्याची पिशवीच काढली. आयुष्य गोण्यांत गेलेली माणसं ती. पिशवी हातोहात फिरली. एकाने दोन्ही हातांनी ताणून बघितली, दुसऱ्याने शिवण शोधली आणि सापडली नाही म्हणून तिसऱ्याला दिली. थोरल्याने निकाल दिला, "टिकंल." डॉक्टर डोळे पुसेपर्यंत हसले. पुढे तशी पिशवी आप्पांना लागलीच, आणि काही महिन्यांनी ती निघेपर्यंत त्यांनी सगळ्या गल्लीला तिची इतकी माहिती दिली की लोक पार्किंग सोडून त्यावर बोलू लागले. गाठ कॅन्सरचीच निघाली. तेही त्यांनी स्वतः डॉक्टरांसमोर बसून ऐकून घेतलं.

पण त्या दिवशी अजून फॉर्म राहिला होता. आप्पांनी तो डॉक्टरांकडून ओळ न ओळ समजून घेतला. खाली माझी सही दिसली तेव्हा पेन उचलून एका रेघेत खोडली. "तुझं पोट कापत्यात तवा तू कर," म्हणाले, आणि स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सावकाश लिहिलं. सिस्टर मात्र शेवटपर्यंत चौदा नंबरच म्हणत राहिली.

तपासणी होईपर्यंत लिफ्ट सुरू झाली आणि चाकाची खुर्चीही कुठून तरी उगवली. लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. मी खुर्चीमागे उभी होते, त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता.

"आजाराचं भ्या कुनाला वाटत हुतं? मला का तुला?" त्यांनी विचारलं.

"मला," मी म्हणाले.

"मग तसं सांगायचं की, पोरी. मी धीर दिला असता."