पुन्हा पहिल्यापासून

सोफ्याच्या कारखान्यात कव्हरं शिवणाऱ्या त्या बाईला सगळे ठिणगी म्हणत. आधी ते गमतीने होतं. धाकटा भाऊ गेल्यावर त्यातली गंमत संपली.

भाऊ गच्च्यांवर टीव्हीच्या डिश बसवायचा. उंचावर काम करताना बांधायचा कमरेचा पट्टा ठिणगीनेच त्याला आणून दिला होता. त्या दिवशी पट्टा गाडीच्या सीटवर राहिला आणि भाऊ चौथ्या मजल्यावरून खाली आला.

त्यानंतर ती कुणाशी धड बोलेना. नवरा काही चांगलं बोलायला गेला तरी खेकसायची. एकदा तिने मुकादमाच्या दिशेने कात्री भिरकावली. कात्री भिंतीला लागली, पण नोकरी टांगणीला लागली. मालकांनी तोडगा काढला. कारखान्याचा एका समुपदेशन कंपनीशी करार होता. दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर व्हिडिओ कॉल, तोही फुकट.

"बोललात की मन हलकं होईल," मुकादम म्हणाला. तो जरा लांबूनच बोलत होता.

कॉलसाठी ती फोमच्या गोदामात बसायची. फोम आवाज गिळतो. आत कितीही ओरडा, बाहेर पत्ता लागत नाही.

पहिल्या बुधवारी चष्मा लावलेली एक तरुण मुलगी आली. ठिणगीने तिला सगळं सांगितलं. पडताना कुणी पाहिलं, आईला कुणी कळवलं, सगळं. पुढच्या बुधवारी पडद्यावर भलतीच बाई, वयस्क, केसांत पेन खोचलेली. म्हणाली, "पहिल्यापासून सांगाल?" ठिणगीने दात-ओठ खात सांगितलं. ऐकून झाल्यावर बाईंनी विचारलं, "स्वभावाने कसा होता तो?"

"हट्टी. गाढव होता नुसता," ठिणगी म्हणाली, आणि वेळ संपली.

तिसऱ्या बुधवारी एक तरुण. "ताई, आधी दीर्घ श्वास घ्या. मग अगदी सुरुवातीपासून..."

"तो एकदाच पडला हो!" ठिणगी उसळली. "तुम्ही मला दर बुधवारी त्याला नव्याने पाडायला लावता!"

तिने कॉल तोडला आणि थेट कंपनीला फोन लावला. "मला त्या केसांत पेन खोचणाऱ्या बाई हव्यात. दर वेळी त्याच."

"मॅडम, कोण मोकळं आहे ते सिस्टीम ठरवते."

"मग सिस्टीमला फोन द्या."

पलीकडच्या मुलीने फोन होल्डवर टाकला. बासरी वाजू लागली. सुट्टी संपली तरी ठिणगीने फोन ठेवला नाही. फोन स्पीकरवर टाकून, मशीनवर ठेवून ती शिवत बसली, आणि अख्ख्या कारखान्याला बासरी ऐकावी लागली.

मुकादम धावत आला. "बंद करा तो फोन!"

"तुम्हीच लावून दिलाय."

शेवटी कुणी वरिष्ठ साहेब फोनवर आले. बरंच गुळमुळीत बोलून, अपवाद म्हणून, कबूल झाले.

पुढच्या बुधवारी पेनवाल्या बाई दिसल्या. ठिणगीने नमस्कारही केला नाही. "कुठे होतात तुम्ही? माणसाला अर्ध्यावर सोडून जाता?"

"चूक आमची आहे," बाई म्हणाल्या. "तुम्ही त्याला गाढव म्हणाला होतात. तिथून पुढे बोलू या?"

मग बांध फुटला. "पट्टा गाडीत शेजारीच होता हो त्याच्या! नुसता हात लांब करायचा होता! 'दोन मिनिटांचं काम आहे' म्हणाला आणि चढला. आणि सगळे मलाच सांगतात, गेलेल्याला नावं ठेवू नये. का नको ठेवू?"

"ठेवा."

"काय?"

"नावं ठेवा. अजून बराच वेळ आहे आपल्याकडे."

ठिणगीने घसा बसेपर्यंत भावाचा उद्धार केला. बाईंनी मध्ये तिला एकदाही श्वास घ्यायला सांगितलं नाही.

संध्याकाळी ती आईकडे गेली. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. भावाचे सदरे अजून त्यातच होते, धुतलेले.

"आई, तुझा लेक मूर्ख होता."

आईचे हात थांबले. मारते की काय, असं ठिणगीला वाटलं.

"एक नंबरचा," आई म्हणाली आणि हातातला सदरा तिने जमिनीवर आपटला. "मेल्याने कधी म्हणून ऐकलं नाही माझं! तापात फणफणला होता तरी पोहायला गेला होता, आठवतं?"

मग दोघी मिळून त्याला शिव्या घालू लागल्या. मधेच आई रडली, पुन्हा चिडली. आवाज इतका चढला की शेजारीण दाराशी आली.

"काय गं, भांडताय का मायलेकी?"

"हो," आई म्हणाली. "तिसऱ्याशी." आणि तिने दार लावून घेतलं.